डोंगराचा पाऊस आणि तालुक्याचा आकडा

पावसाळ्याच्या दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी रोज सकाळी पर्जन्यमापकातील पाणी मोजून त्याचा आकडा नोंदवहीत चढविण्याची वहिवाट फार जुनी आहे. पूर्वी हा आकडा इंच व सेंट ह्या मापाने लिहीत. आता तो मिलिमीटरने लिहितात. आमची सारी नोकरी महसुली दप्तरात गेल्यामुळे असे हजारो आकडे आमच्या हाताखालून गेले आहेत. पैसेवारी, टंचाई, अतिवृष्टी, सूट, तहकुबी ह्या सर्वांचा पाया ते आकडेच असल्यामुळे त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. तथापि डोंगराच्या पायथ्याशी किंवा घाटमाथ्यावर ज्यांची जमीन व घर आहे, त्यांनी केवळ त्या आकड्यावर विसंबून स्वस्थ झोपू नये, असे आमचे मत आहे. त्याची कारणे वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

मुख्य गोष्ट अशी की, सपाट मुलखात एका ठिकाणचा पाऊस पाहून चार कोसांवरील पावसाचा बराचसा अंदाज करता येतो. डोंगराळ मुलखात तो करता येत नाही. तेथे ढग कोठे अडावयाचा, किती बरसावयाचा आणि पडलेले पाणी किती वेगाने खाली यावयाचे, हे बहुतांशी डोंगरच ठरवितो. म्हणून डोंगराळ तालुक्यात एकच हवामान नसून जितकी खोरी तितकी हवामाने असतात. हे एकदा नीट ध्यानात आले म्हणजे धोका कोठून व केव्हा येतो हेही कळू लागते.

वारा डोंगर चढतो तेव्हा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा व पश्चिमेचा वारा कोकणात येतो. तो बाष्पाने भरलेला असतो. कोकणपट्टीची रुंदी थोडी. तेवढे अंतर ओलांडताच सह्याद्रीची भिंत त्याच्या आडवी येते. मागून वाऱ्याचा रेटा सुरूच असल्यामुळे त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. हवा जसजशी वर जाते तसतसा तिच्यावरील दाब कमी होतो, ती फुगते व थंड होते. कोरडी हवा हजार मीटर वर चढली तर सुमारे दहा अंशांनी निवते. ढग धरलेली ओली हवा त्याहून कमी, म्हणजे सुमारे पाच-सहा अंशांनी निवते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी असते. भाताच्या उकळत्या पातेल्यावर झाकण ठेवले म्हणजे झाकणाच्या आतल्या अंगास जसे पाणी जमते, तसेच येथे होते. फरक इतकाच की, झाकणावरचे पाणी थेंबाथेंबाने पडते आणि घाटमाथ्यावरचे आठ-आठ दिवस खळ न देता कोसळते.

माथा ओलांडल्यावर तोच वारा देशाच्या बाजूस खाली उतरतो. उतरताना तो दाबला जाऊन तापतो, ढग विरतात, आणि पाऊस झपाट्याने ओसरतो. ह्या प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सातारा जिल्ह्यात ह्याचे उदाहरण ठळकपणे पाहावयास मिळते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच असून तेथे वर्षाकाठी सरासरीने साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस काही कोसांवर असलेल्या पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पडतो. घाट उतरून वाईस आले की तो हजार मिलिमीटरच्याही आत येतो. आणि पुढे माण तालुक्यात तर पाचशेच्या आसपास राहतो. एकाच जिल्ह्यात, एकाच वाऱ्याने, एकाच महिन्यात एका शेतकऱ्याची खाचरे फुटून वाहतात आणि दुसरा आभाळाकडे डोळे लावून बसतो.

येथवरची माहिती शाळेच्या भूगोलातही असते. परंतु सरासरीच्या आकड्याने कोणाचे घर वाहून जात नाही. घात होतो तो एखाद्या अहोरात्रातील पावसाने. २२ ते २३ जुलै २०२१ ह्या चोवीस तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या मापाने हे साडेतेवीस इंचांच्या जवळ जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरास सुमारे चार हजार लिटर पाणी, हा हिशेब ध्यानात धरावा. म्हणजे त्या एका दिवसात तेथील प्रत्येक एकरावर चोवीस लाख लिटर पाणी ओतले गेले. माणसारख्या तालुक्यास जो पाऊस वर्षभर पुरवून खावा लागतो, त्याहूनही हा एका दिवसाचा पाऊस अधिक झाला.

सर्व खोरी सारखी नसतात

एकाच घाटमाथ्याखाली शेजारी शेजारी असलेल्या दोन खोऱ्यांतही फार अंतर पडते. खोरे पश्चिमेकडे तोंड करून रुंद असेल आणि आत आत निमुळते होत जाऊन शेवटी उभ्या कड्यास भिडत असेल, तर नरसाळ्यात पाणी ओतावे त्याप्रमाणे सारा वारा त्या अरुंद टोकाशी कोंडला जातो. कोंडलेल्या हवेस बाजूस वाट नसते. ती जोराने वर चढते व तेथेच सर्वांत अधिक बरसते. उलट जे खोरे एखाद्या सोंडेच्या आडोशाला असते, किंवा ज्याचे तोंड वाऱ्याला पाठमोरे असते, तेथे पाऊस कमी होतो. डोंगराची सोंड, खिंड, सुटा सुळका, पठाराची कड ह्या प्रत्येकाचा परिणाम निराळा. आपल्या गावास कोणत्या दिशेचा वारा लागतो आणि तो पुढे जाऊन कोठे अडतो, हे जुन्या माणसांस अनुभवाने ठाऊक असते. त्यांच्याकडून ते विचारून घ्यावे.

पाऊस किती थोड्या अंतरात बदलू शकतो ह्याचे उदाहरण सर्वांच्या आठवणीतले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईस सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी त्याच शहराच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे अवघा ७३ मिलिमीटर. समुद्रकाठच्या शहरात ही गत, तर जेथे प्रत्येक कोसावर डोंगर आडवा येतो तेथे एका आकड्याने काय कळणार?

हा नियम सह्याद्रीपुरता आहे असे नाही. हिमालयापलीकडील लडाख हा मुलूख पर्जन्यछायेत असून तेथे वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ५ व ६ ऑगस्ट २०१० च्या दरम्यानच्या रात्री लेह शहराच्या आसपास ढगफुटी झाली आणि डोंगरावरून चिखल व दगड घेऊन आलेल्या लोंढ्यांनी दोनशेहून अधिक माणसे नेली. लेहच्या वेधशाळेतील त्या दिवसाची नोंद मात्र तेरा मिलिमीटरच्या आसपास आहे. पर्जन्यमापक खोटे बोलला नाही. तो ज्या ठिकाणी होता तेथला पाऊस त्याने खराच सांगितला. ढग मात्र दुसऱ्याच नाळेवर फुटला होता. ह्यावरून आणखी एक बोध घ्यावा तो असा की, आपण कमी पावसाच्या बाजूस राहतो म्हणून आपल्यास भय नाही, असे समजू नये. जेथे पावसाची सवय नाही तेथे नाल्यांची पात्रे उथळ, जमीन उघडी व घरे कच्ची असतात. थोडका पाऊसही तेथे मोठा होतो.

वर पाऊस, खाली पूर

डोंगरी नदीस पूर येण्यास आपल्या गावात पाऊस पडावाच लागतो असे नाही. कोकणातील नद्यांची लांबी थोडी व उतार फार. महाबळेश्वराच्या बाजूस पडलेले पाणी सावित्रीच्या पात्राने काही तासांतच महाडाजवळ येऊन पोहोचते, आणि त्याच वेळी समुद्रास भरती असली तर ते तुंबते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडाजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल पुराने खचला व दोन एस. टी. गाड्या इतर वाहनांसह पात्रात गेल्या. म्हणून नदीकाठच्या माणसाने आपल्या डोक्यावरील आभाळापेक्षा डोंगराच्या अंगावरील ढगाकडे अधिक लक्ष द्यावे. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यावर पालापाचोळा व काटक्या तरंगत येणे, वरच्या अंगास गडगडाटासारखा अखंड आवाज येणे, ही लोंढा येत असल्याची चिन्हे होत. अशा वेळी गुरे पलीकडे नेण्याची किंवा पाण्यातील पंप काढून आणण्याची घाई करू नये. पंप पुन्हा घेता येतो.

देशावरील नद्यांची गोष्ट थोडी निराळी. कृष्णा, कोयना, वारणा ह्यांचे उगम घाटमाथ्यावर. परंतु त्यांच्या पाण्याचा फुगवटा सांगलीस जाऊन दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली, शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्यात राहिला. त्याच सुमारास त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागातील जत व आटपाडी ह्या तालुक्यांत लोक पाण्यावाचून टंचाई सोसत होते. जिल्हा एक, हंगाम एक. एका अंगास महापूर व दुसऱ्या अंगास अवर्षण. ह्या दोहोंचे कारण शोधू गेल्यास ते एकाच डोंगररांगेशी येऊन थांबते.

दरड कशी सुटते

आता ज्या संकटात घरच्या घरे माणसांसह गडप होतात, त्याचा विचार करू. सह्याद्रीचा खडक काळा कातळ. त्याचे थरावर थर आहेत. उतारावर ह्या कातळावर मातीचा व मुरमाचा थर बसलेला असतो. कोठे तो हातभर, कोठे दोन-तीन पुरुष खोल. पाऊस पडू लागला की पाणी ह्या मातीत मुरते, पण खालचा कातळ त्यास पुढे जाऊ देत नाही. मग पाणी माती व कातळ ह्यांच्या सांध्यात साठते. मातीचे वजन वाढते, कणांची एकमेकांवरील पकड सुटते, आणि सांध्यातील पाण्याचा दाब वरच्या थरास उचलू लागतो. अशा स्थितीत एखादा जोराचा सपाटा आला की भिजलेला सारा थर कातळावरून निसटतो. त्यास सुटण्यास मोठा आवाज किंवा धक्का लागतोच असे नाही, आणि सुटल्यानंतर पळण्यास सवड राहत नाही.

ह्यावरून हे कळेल की, एका दिवसाचा पाऊस कितीही मोठा असला तरी धोका केवळ त्याच्यावर अवलंबून नसतो. आधीच्या दिवसांत जमीन किती भिजली होती, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा व पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. मृग व आर्द्रा ह्यांच्या सरींनी वरची माती भिजते, तरणा तिला पोटापर्यंत पाणी पाजतो, आणि म्हातारा येतो तेव्हा तिच्यात आणखी थेंब मावण्यास जागा नसते. आता पुढील तारखा पाहाव्या. २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते ह्या गावांवर दरडी आल्या त्या जुलैच्या २५-२६ च्या सुमारास. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी सकाळी गाडले गेले व १५१ माणसे दगावली, सकाळच्या एस. टी. गाडीचा चालक गावाशी आला तेव्हा त्यास गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. महाड तालुक्यातील तळिये २२ जुलै २०२१ रोजी, ज्या दिवशी महाबळेश्वरी वर सांगितलेला पाऊस कोसळत होता त्याच दिवशी, दरडीखाली गेले. ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच पावसात घाटाच्या पूर्वेस पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथेही दरडी आल्या. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले व ५७ माणसांचा पत्ता लागला नाही. ह्या साऱ्या तारखा तरणा संपून म्हातारा लागण्याच्या वेळेपासून पुढच्या दहा-अकरा दिवसांतल्या आहेत. नक्षत्राचा ह्यात दोष नाही. जमीन तुडुंब भरण्याची वेळ ती, एवढेच.

इर्शाळवाडीच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात धरण्याजोग्या आहेत. ही वाडी दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत नव्हती. आणि दुर्घटनेपूर्वीच्या तीन दिवसांत त्या भागात मिळून सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कोणी काढू नये. यादी करणारा सर्व वाड्यांवर जाऊन प्रत्येक उताराची माती पाहू शकत नाही. ती पाहणे तेथे राहणाऱ्यास मात्र सहज शक्य आहे.

पाहावयाचे ते असे. घराच्या वरच्या अंगास उताराला आडव्या भेगा पडल्या आहेत काय; जुन्या भेगा रुंदावत आहेत काय. झाडे, विजेचे खांब, कुंपणाच्या मेढी उताराकडे कलल्या आहेत काय. जेथे झरा नव्हता तेथे नवीन पाणी फुटले काय. अथवा नेहमीचा झरा एकाएकी आटला किंवा गढूळ झाला काय. घराची दारे-खिडक्या एकाएकी अडकू लागली, जोत्यास तडे गेले, तर तेही चिन्ह समजावे. ह्यांपैकी एकही गोष्ट पावसाच्या दिवसांत दिसली, तर पंचनाम्याची वाट न पाहता बायकामुले व गुरे त्याच दिवशी उजेडी सुरक्षित जागी न्यावी आणि मग तलाठी व पोलीस पाटील ह्यांस कळवावे.

उतार बिघडविण्यास आपलाही हात लागतो, हे सांगणे प्राप्त आहे. माळीणच्या दुर्घटनेनंतर, वरच्या उतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती हात होता, ह्याविषयी बरीच चर्चा झाली. खाचरे करण्यास आमचा विरोध नाही. डोंगरी माणसाचे पोट त्यावर आहे. परंतु यंत्राने उताराचा पाया कापणे, फोडलेली माती तशीच उतारावर लोटून देणे, वरून येणाऱ्या पाण्याची जुनी वाट बुजविणे आणि नवी न काढणे, ह्या गोष्टी जीवावर बेततात. घराच्या वरच्या अंगास पाणी साठवणारे चर काढण्यापेक्षा ते पाणी बाजूने नाल्यास नेऊन सोडणारी चारी काढावी, आणि ती मृगापूर्वी साफ करावी.

वळीव व हिवाळा

डोंगराचा प्रताप पावसाळ्यापुरता नाही. चैत्र-वैशाखात सकाळचे ऊन डोंगराच्या उतारास लागते, उतार तापतो, त्याला चिकटलेली हवाही तापून वर चढू लागते, आणि खोऱ्यातील हवा तिच्या मागोमाग माथ्याकडे ओढली जाते. हवेत बाष्प असेल तर दुपारी दोन-तीनच्या सुमारास माथ्यावर कापसाच्या गंजीसारखा ढग उभा राहतो. तो पाहता पाहता कित्येक हजार मीटर उंच जातो. त्याच्या माथ्याशी पाणी गोठते, गारा तयार होतात व विजा खेळू लागतात. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे फाकते. तोच वळवापूर्वीचा थंड सोसाटा. खिंडीत व नाळेत तो दुप्पट जोराने येतो आणि आंबा, केळी व पत्र्याची छपरे ह्यांचा घात करतो. फेब्रुवारी व मार्च २०१४ मध्ये राज्यभर झालेल्या गारपिटीसारखी संकटे ह्याहून मोठ्या वाऱ्यांच्या टकरीने येतात. परंतु दुपारचा स्थानिक वळीव बहुधा जवळच्या डोंगरावरच जन्म घेतो.

विजेविषयी एक साधे गणित गुराख्यांच्या पोरांसही शिकवून ठेवावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर अंतर धरावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आली असे समजून माथा, माळ, एकटे झाड, तारेचे कुंपण व पाणी सोडून पक्क्या घराचा आश्रय करावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेले ‘दामिनी’ हे साधन मोबाईलवर ठेवले तर आसपासच्या विजांची सूचना मिळते.

हिवाळ्यात ह्याच्या उलट घडते. निरभ्र व निवांत रात्री उताराची जमीन लवकर थंड होते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होऊन पाण्यासारखी उतारावरून खाली ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साठते. म्हणून पहाटे खोलगट शेतात मधल्या उतारापेक्षा कित्येक अंश अधिक थंडी असते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या आसपास कडक थंडीत दवाचे हिमकण होतात ते ह्याच प्रकाराने. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, भाजीपाला अशी नाजूक पिके अगदी तळाच्या तुकड्यात न घेता थोड्या चढावर घ्यावी. शेताच्या खालच्या बांधावर दाट कुंपण असेल तर ते थंड हवेस बंधाऱ्यासारखे अडविते. त्यात वाट ठेवावी. थंडीची लाट येणार असे कळल्यास संध्याकाळी किंवा पहाटे पाणी द्यावे; ओली जमीन कोरडीपेक्षा उशिरा निवते. बागेत शेकोट्या करण्याची जी चाल आहे तीही वारा पडलेला असताना उपयोगी पडते.

गावाने काय करावे

येथवर जे सांगितले त्याचे तात्पर्य हे की, डोंगराखालच्या गावाने आपला पाऊस आपण मोजावा. सरकारने अलीकडे ‘महावेध’ योजनेत महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी केली, ही सुधारणा मोठी खरी. पूर्वी तालुक्यास एक आकडा असे, आता मंडळास एक झाला. परंतु घाटाखालील एका मंडळात कड्याखालची वाडी असते आणि सात-आठ कोसांवरचे उघड्या माळावरचे गावही असते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी मंडळाच्या केंद्रावर लागते. केंद्र माळावर असले तर कड्याखाली खाचरे वाहून गेली तरी दप्तरात अतिवृष्टी दिसत नाही. म्हणजे ह्यात पैशाचाही प्रश्न आहे. जीवाचा तर आहेच.

पर्जन्यमापक विकत मिळतो; तो न मिळाल्यास तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, निदान फूटभर उंच, उभ्या भिंतींचा डबाही चालतो, कारण त्यात साठलेल्या पाण्याची उंची हाच पावसाचा आकडा. तो उघड्या जागी ठेवावा. जवळचे झाड किंवा घर जितके उंच, त्याच्या दुपटीहून अधिक अंतर राखावे. तोंड जमिनीपासून सुमारे फूटभर उंच व सपाट असावे. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने मोजून, लिहून, डबा रिकामा करावा. पाऊस जोराचा असेल तर दर तीन तासांनी मोजावे व बेरीज करावी. वहीत तीन रकाने असावे: आजचा पाऊस, मागील तीन दिवसांची बेरीज, आणि झरे, भेगा, ओढा ह्यांविषयी शेरा. शाळेच्या वरच्या वर्गातील मुलांकडून हे काम उत्तम होते.

आकडा पाहून काय समजावे? हवामान खाते चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस म्हणते. मात्र कोणत्या आकड्यास आपला ओढा पात्र सोडतो, किती दिवसांच्या बेरजेवर वरचा झरा गढुळतो, हे प्रत्येक गावाचे निराळे असते आणि ते चार-पाच पावसाळ्यांच्या वहीतूनच कळते. तोवर आमची सूचना अशी की, आठवडाभर जमीन भिजत असताना दिवसाचा पाऊस अति जोरदार पायरीस लागला, आणि खात्याचा इशारा लाल किंवा नारिंगी असला, तर उताराखालच्या घरांनी ती रात्र शाळेत किंवा नातलगांकडे काढावी. दहा वेळा उगाच गेलो असे वाटले तरी हरकत नाही. त्यात एका रात्रीची झोप मोडते, एवढेच.

खाजगी वहीस सरकारी नोंदीचे वजन नाही, हे आम्ही जाणतो. तथापि तारीखवार, खाडाखोड नसलेली, पंचांच्या सह्या असलेली वही नुकसानीच्या अर्जास जोडलेली असली, तर पंचनाम्यास आलेल्या कामगारास ती बाजूस सारणे कठीण जाते, हा आमचा दप्तरातील अनुभव आहे. एका खोऱ्यातील चार गावांच्या वह्या जुळल्या, तर मंडळात आणखी एक केंद्र मागण्यास तोच आधार होतो.

डोंगर दुरून साजरे असे म्हणतात. परंतु ज्यांस त्यांच्या कुशीत राहावयाचे आहे त्यांस ते जवळून ओळखणे भाग आहे. मंडळींच्या पुढील सभेत हा विषय काढावा, मृगापूर्वी प्रत्येक डोंगरी गावात निदान एक पर्जन्यमापक बसवावा, आणि वही कोण लिहिणार त्याचे नाव त्याच सभेत ठरवून ठेवावे, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.